नांगरावरचे चार महिने

विलास, तुझं ऐकलं नाही. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. सायलीला मी कळवलं. तू गेलास त्याच दिवशी, तुला घरातून न्यायच्या आधी, जहाजावर फोन जोडून घेतला आणि तुझ्या लेकीला सांगितलं की तुझा बाप गेला.

दवाखान्यात माझं मनगट धरून तू म्हणाला होतास, "अक्का, पोरीला सांगू नको. पाण्यावर हाय तोवर नको. उतरली की सांग. तुला जमतं ते." मी हो म्हणाले. अशा वेळी नाही कोण म्हणतं? पण "तुला जमतं ते" हे तू कोणत्या अर्थानं म्हणालास ते मला अजून कळलेलं नाही. टोमणा होता की भरवसा होता? नाकात नळी, त्यामुळं तुझं सगळंच बोलणं एकाच सुरात यायचं. विचारायला हवं होतं. तेवढ्यात नर्स आली, तिनं मला बाहेर काढलं, आणि राहिलं.

काल तुझा तेरावा झाला. नाशिकच्या तुझ्या फ्लॅटमध्ये माणसं येऊन जेवून गेली. सगळे म्हणत होते, विलासराव जग फिरलेला माणूस. मला हसू येत होतं. तू जग फिरलास ते जहाजाचं पोट घासत. तुझी जहाजं टीव्हीत दाखवतात तशी रंगीत डब्यांची नव्हती. मोकळ्या मालाची होती. कोळसा, लोखंडाची माती, गहू, युरिया; पोतं नाही, खोकं नाही, नुसता ओतलेला माल. तू त्यावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. कोळसा उतरवून त्याच होल्डमध्ये गहू भरायचा असला की तुमची आठ-दहा माणसं त्या विहिरीएवढ्या पोटात उतरून भिंती खरवडायची, धुवायची, पुसायची. मग साहेब यायचा आणि पांढऱ्या रुमालानं कोपरे पुसून बघायचा. रुमाल काळा झाला की पुन्हा घासा. पहिल्या खेपेनंतर आपल्या गावी, सायखेड्याला येऊन ओट्यावर बसून तू हे सगळं रंगवून सांगितलंस. आईनं धान्य निवडणं थांबवलं नाही. खाली बघूनच म्हणाली, "आन् घरी आल्यावर तुला सोताची कपबशी इसळता येईना होय रे?"

तू त्या दिवशी कपबशी विसळलीस. त्यानंतर परत कधी नाही.

तुझं आणि माझं भांडण एकच होतं आणि ते तीस वर्षं चाललं. मी कांद्याची बाजू घ्यायची, तू जहाजाची. मला नवरा नव्हता, लेकरू नव्हतं, आईसोबत माहेरचीच शेती आणि कांदा साठवायची चाळ सांभाळत होते, त्यामुळं विंचूरच्या बाजाराचा भाव मला रोज लागायचा. तुला लंडनचा आकडा लागायचा. जहाजांच्या भाड्याचा आकडा रोज तिथून निघतो म्हणे. निवृत्त झाल्यावरही तू मोबाईल नाकाजवळ धरून तो बघायचास.

"आता तुला काय करायचंय त्याचं? तुझं कुठं जहाज चाललंय?"

"अक्का, तुझा कांदा विकून झाला तरी तू भाव बघतेच ना?"

मी म्हणायचे, तुमची जहाजं म्हणजे ट्रकच. द्राक्षं निघाली की ट्रकचं भाडं चढतं, द्राक्षं संपली की ट्रकवाले झाडाखाली पत्ते कुटतात. तू म्हणायचास, तसंच आहे, फक्त ट्रक रिकामा येतो तेव्हा हवा घेऊन येतो. जहाज रिकामं चाललं तर पोटात समुद्राचं पाणी भरून चालतं, नाहीतर कलंडतं. एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण तू पुढं म्हणायचास, "तू कांदा चाळीत ठेवू शकते. जहाजाचा आजचा दिवस उद्या विकता येत नाय. तो संध्याकाळीच सडतो."

"कांदा पण सडतो."

"चार महिने थांबतो ना पण."

मी हसून सोडून दिलं होतं. तेव्हाच नीट समजून घेतलं असतं तर पुढचं झालं नसतं.

आई गेली तेव्हा तुझं जहाज चीनच्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. रिकामं. भाडं इतकं पडलं होतं की चालवण्यापेक्षा उभं ठेवणं मालकाला परवडत होतं. तुझा करार संपून गेला होता. पण मालक म्हणे, रिकाम्या जहाजावर माणसं बदलायला विमानाचा खर्च कशाला. काम मिळालं की पुढच्या बंदरात बदलू. तू दर रविवारी फोन करायचास. "भाडं जरा वर येऊ दे अक्का, दोन-तीन हप्त्यांत सुटतो."

आई बुधवारी गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. चुलत्याच्या मुलानं अग्नी दिला. गोदावरीला पाणी कमी होतं, घाटापासून लांब चालत जावं लागलं.

तुला कळवायचं नाही हे मी ठरवलं. दुसऱ्या कुणी नाही. निर्मला रडत म्हणाली होती, "अक्का, त्यांना सांगू. पुढं मला विचारतील." तुझ्या बायकोला मी गप्प केलं. कारण मला तुझ्याच तोंडून ऐकलेली एक गोष्ट आठवत होती. तुमच्या जहाजावर कोकणातला एक खलाशी होता. त्याला घरून बापाची बातमी आली. दुसऱ्या दिवशी तो कसल्याशा तंद्रीत कोळशाच्या होल्डची झडप उघडून खाली उतरला, आतली हवा न तपासता. कोळसा हवा खातो, आत माणसाला श्वासच मिळत नाही. शिडीच्या निम्म्यातच तो पडला. त्याला काढायला दुसरा उतरायला निघाला, त्याला तू कमरेला मिठी मारून धरून ठेवलंस. मग मी तुला आईची बातमी कशी देऊ?

दोन-तीन हप्ते, एवढाच माझा अंदाज होता. तो अंदाज कांद्याचा होता. भाव पडला की माणसं माल बाजारात आणत नाहीत, आवक घटते, भाव उठतो. असं मी जन्मभर बघत आले. मला काय माहीत की जहाजांचं तसं नसतं. कांदा लोक खाऊन टाकतात. जहाज कुणी खात नाही. ते तिथंच उभं राहतं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि तेजीत मागवलेली नवी जहाजं बांधून येतच राहतात. हे तू मला नंतर समजावलंस, अगदी शांतपणे, जणू त्याचा आपल्या दोघांशी काही संबंधच नाही.

पहिल्या रविवारी मी म्हणाले, आई झोपलीय. दुसऱ्या रविवारी, आई देवळात गेलीय. तिसऱ्या रविवारी काही सुचेना, तेव्हा म्हणाले, तिला आता फोनवर ऐकू येत नाही.

"मग तिच्या कानाशी धर. मी मोठ्यानं बोलतो."

मी कांद्याच्या चाळीत उभी होते. फोन धरलेला हात लांब केला. समोर कांदे. फोनमधून तुझा बारीक आवाज येत होता, "आई, गुडघ्याला तेल लावते ना? पाणी पीत जा. मी येतोच." मी मनात वीस मोजले आणि फोन कानाला लावला.

"काय म्हणाली?"

"मान हलवली."

असे चार महिने गेले. एका रविवारी सायली सुट्टीला सायखेड्याला आलेली होती. बारा वर्षांची. तिनंच फोन उचलला. मी समोरून डोळे वटारले. ती म्हणाली, "आजी बरी आहे, बाबा." फोन माझ्या हातात देऊन ती मागच्या दारानं निघून गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, पोर आहे, विसरेल.

तू आलास तेव्हा दुपार होती. रिक्षातून उतरलास, बॅग ओट्यावर ठेवलीस, आणि वरच्या खिशातून एक छोटी डबी काढलीस. परतीच्या वाटेवर आईसाठी कानाचं यंत्र घेतलं होतंस. मी ऐकू येत नाही म्हणाले होते ना. तू ते सिंगापूरच्या दुकानात दोन-दोनदा तपासून घेतलंस हे पुढं निर्मलाकडून कळलं.

"आई कुठंय?"

"आई गेली."

"कुठं?"

"गेली विलास. चार महिने झाले."

तू डबी बंद केलीस. घरात बघितलंस, भिंतीवर अजून फोटो लावला नव्हता, तुझ्यासाठीच थांबवला होता. मग माझ्याकडं न बघता म्हणालास, "चहा हाय का?"

मी चहा केला. तू प्यालास. सुतक कधीच फिटलं होतं. तेरावा झालेला, वर्षश्राद्धाला वेळ. तुला करायला गावात काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू नाशिकला निघून गेलास. त्या यंत्राचं पुढं काय झालं मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि मी काही भित्री बाई नाही.

नंतर एकदाच बोललास. कांदा विकायचा की ठेवायचा यावरून आपलं वाजलं होतं. मी म्हणाले, थांबलं तर काय बिघडतं? तू जेवता जेवता म्हणालास, "तुला वाटतं अक्का, कुणाचेही दिवस चाळीत ठेवता येतात." आणि हात धुवायला उठलास. पानात अर्धी भाकरी तशीच होती.

मग सायलीनं जहाजावर जायचं काढलं. तू म्हणालास, पोरीच्या जातीला कशाला, वीस पुरुषांत एकटी, आणि तीही मोकळ्या मालाच्या जहाजावर. मी तुझ्याशी भांडले. म्हणाले, तू गेलास तेव्हा कुणी अडवलं का? मी चौथीपर्यंत शिकले, नंतर मला शाळेतून काढून तुला सांभाळायला बसवलं, तेव्हा तरी कुणी मला विचारलं का? तू चिडून म्हणालास, "काही झालं तर तुझ्या नावानं बोंबलीन." आणि मग तूच तिला रोज संध्याकाळी गाठी मारायला शिकवल्यास, बाल्कनीच्या गजाला दोर बांधून. थर्ड ऑफिसर झाली तेव्हा सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटलेस. मला मात्र दोन दिले, इतरांना एकेक. तेवढं तुझ्याकडून पुष्कळ होतं.

ती जहाजावर चढली आणि आठवड्याभरात तुझं पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं ते तू लगेच समजलास. पहिलं वाक्य तेच बोललास, "सायलीला ॲसिडिटी सांगा." मी सांगितलं. दर आठवड्याला सांगितलं, बाबांना ॲसिडिटी आहे, पथ्यावर आहेत. म्हणजे ह्याही खेपेला मी खोटं बोललेच. हे लपवत नाही.

तू गेलास त्या सकाळी फ्लॅटमध्ये पहिलं काम काय झालं माहितीये? निर्मलाच्या भावानं सायलीला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. जहाजावर आता इंटरनेट असतं, श्रद्धांजलीचे फोटो टाकले की तिला दिसतील म्हणून. तुला अजून आंघोळही घातली नव्हती. मी म्हटलं, "मेलेला माणूस घरात हाय आन् जित्या पोरीला घराबाहेर काढता?"

तो म्हणाला, "अक्का, भाऊजींचीच इच्छा होती. तुम्हीच हो म्हणालात ना त्यांना? आणि तिला येता थोडंच येणार आहे? ब्राझीलहून सोयाबीन भरून चीनला चाललंय जहाज. महिना लागंल. मधे थांबणार नाही ते."

खरंच होतं. तूच सांगायचास, भरलेलं जहाज माणसाच्या मरणासाठी वळत नाही, दिवसाचं भाडं चालू असतं. निर्मलाकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं ती भावाचीच बाजू घेईल. ती एवढंच म्हणाली, "अक्का, आता मी रविवारचे फोन नाही घेणार. आई गेल्या तेव्हा तुम्ही खोटं बोलायला लावलंत, मी केलं. परत नाही करणार."

मग मी सायलीच्या कंपनीच्या ऑफिसात फोन लावायला लावला. तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, कॅप्टनमार्फत सांगू. मी म्हटलं, कॅप्टन नाही, मी सांगेन. पण आधी मला कॅप्टन द्या. अर्ध्या तासानं जोडून दिला. तो हिंदी बोलत होता. तू रागावशील, पण मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत कामाला लावलं.

"साहब, लडकी को दो दिन होल्ड की तरफ मत भेजना."

"माताजी, होल्ड सब बंद हैं. माल भरा है."

"बंद है मालूम है. अंदर कीडे की गोली डाली है ना? उसका गॅस चेक करने को भी मत भेजना."

आपण गव्हाच्या कोठीत टाकतो तसल्याच गोळ्या त्या, तूच सांगितलं होतंस. कॅप्टन म्हणाला, "माताजी, आप कभी शिप पर थीं क्या?"

"भाई था," मी म्हणाले. तुझ्याबद्दल 'था' पहिल्यांदा म्हणाले ते एका परक्या माणसाला, हिंदीत.

सायली आली. तिला कॅप्टनच्या केबिनमध्ये बोलावलं तेव्हाच तिला कळलं असणार.

"आत्या? बाबांचं काय?"

"सकाळी गेले."

पलीकडून नुसता यंत्राचा घुंऽऽ आवाज. मग तिनं विचारलं, "कधीपासून आजारी होते?"

"तू चढलीस तेव्हापासून."

"म्हणजे ॲसिडिटी नव्हती."

"नव्हती."

"आत्या, तू परत तेच केलंस." आणि फोन बंद झाला.

मी तुला न्यायला निघालेल्या माणसांत येऊन उभी राहिले. निर्मलाच्या भावानं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, जे बरोबर होतं तेच म्हणाली.

पुढं बारा दिवस तिचा फोन नाही. कंपनीचा माणूस रोज कळवायचा, मॅडम ड्युटी करतायत, जेवतायत. मला पटायचं नाही. बारा दिवस मी एकच विचार केला, विलास: तिला काही झालं तर तू बरोबर होतास आणि मी दोन्ही खेपांना चुकले. एकदा न सांगून, एकदा सांगून. रामकुंडावर सगळे कावळ्याची वाट बघत होते, आणि मी निर्मलाच्या हातातल्या मोबाईलकडं बघत होते.

काल पंगत बसली होती तेव्हा वाजला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. ती ओरडली रे. इतकी ओरडली की वरच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून बघितलं. "आजीच्या वेळी मी बारा वर्षांची होते. बाबांना खोटं सांगायला लावलंस मला! त्यावर बाबा 'बरं बरं' म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. मला काय सोसवेल, काय नाही हे तुम्ही कोण ठरवणार गं? बाबा कोण ठरवणार? मी त्या दिवशी पण माझी वॉचची पाळी केली, आत्या. आठ ते बारा. कॅप्टन नको म्हणाले तरी केली. मग खाली जाऊन रडले. हे मला दोन महिने आधी करता आलं असतं. त्यांच्याशी बोलता आलं असतं!"

तिचा दम संपला तेव्हा म्हणाली, "आता सगळं सांग. पहिल्या दिवसापासून. एक गोष्ट सोडलीस तर बघ."

मी सांगितलं. सगळं. नळी, तुझं वजन, शेवटच्या दिवसांत ती खिडकीबाहेर पाण्यावरच आहे असं समजून तू तिच्याशी काय काय बोलायचास ते, आणि तिला कळवू नको असं तू म्हणाला होतास तेही.

"मग कळवलंस कशाला?"

"आजीचं लपवलं तरी तुझा बाप माझ्यावर एकदाही ओरडला नाय, म्हणून."

ती म्हणाली, "मी ओरडणार आहे. उतरल्यावर घरी येऊन पण ओरडणार आहे. एका दिवसात संपायचं नाही हे."

मी म्हटलं, ये आणि ओरड.

पुढच्या महिन्यात ती चीनला उतरेल आणि तिथून घरी येईल, कंपनीनं तसं ठरवलंय. मी तोवर सायखेड्याला जात नाही, इथंच थांबते. ती समोर बसून काय बोलायचं ते बोलेल, मी ऐकीन, माझ्याच्यानं होईल तेवढं. तिचं ऐकायला मी आहे. तुझं ऐकायचं राहिलं, विलास, आणि ते तू बरोबर घेऊन गेलास.